कुस्ती ही युद्धकला आहे काय?

महाराष्ट्रात ‘मर्दानी खेळ’ म्हटले की दांडपट्टा, लाठी, विटा आणि तलवारीचे हात आठवतात. ‘मार्शल आर्ट’ म्हटले की कराटे, कुंगफू, तायक्वांदो. कुस्तीचे नाव या दोन्ही यादींत सहसा कोणी घेत नाही. ती जत्रेत असते, शालेय स्पर्धांत असते, ऑलिंपिकमध्ये असते, म्हणून ती खेळ. आणि खेळ असल्यामुळे युद्धकला नाही, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब टिकत नाही. ज्युदोचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९६४ साली झाला, तायक्वांदो २००० पासून तेथे पदकांचा खेळ आहे, आणि तरीही या दोहोंना युद्धकला म्हणायला कोणी कचरत नाही.

दुसऱ्या बाजूची अडचण मात्र खरी आहे. कुस्तीत ठोसा चालत नाही, लाथ चालत नाही, हत्यार नाही, आणि समोरच्याची पाठ मातीला लागली की सगळे संपते. प्रतिस्पर्ध्याला इजा न करता जिंकणे हाच जिचा नियम आहे, तिला युद्धकला कशाच्या आधारावर म्हणायचे? उत्तर शोधायचे तर कुस्तीत प्रत्यक्ष काय घडते, तिच्यातून काळाच्या ओघात काय काढून टाकले गेले आणि जे उरले ते खऱ्या झटापटीत किती उपयोगी पडते, हे पाहावे लागते.

जत्रेतला फड

कुस्तीची चर्चा बहुधा कोल्हापूरपासून सुरू होते, आणि ते स्वाभाविक आहे. शाहू महाराजांनी तेथे मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले. बीडच्या वाट्याला असे काही आले नाही. हा कोरडवाहू मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे कुस्ती जगली ती गावच्या जत्रेवर, दर्ग्याच्या उरुसावर आणि मारुतीच्या देवळालगतच्या तालमीवर. राजाश्रयाचा थाट नसलेली ही कुस्ती तिचे मूळ रूप पाहायला अधिक सोयीची आहे.

पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, गेवराई, वडवणी या भागांतली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. गावोगावच्या जत्राही चैत्र-वैशाखातल्या. पालखी, छबिना झाला की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. नांगरून, ढेकळे फोडून भुसभुशीत केलेल्या जमिनीभोवती माणसांचे कडे बसते, हलगी कडाडते आणि आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग नारळ, मग रोख इनाम, आणि इनाम चढत चढत शेवटची मोठी कुस्ती. जोड लावण्याचे काम गावातली जाणती माणसे करतात. वजनकाटा नसतो, दोघांना शेजारी उभे करून, दंड-मांड्या पाहून, कोणत्या तालमीचा आणि कोणाचा पठ्ठ्या हे विचारून जोड ठरते. या नजरेच्या मापात चूक क्वचितच होते, आणि झाली तर फड आरडाओरडा करून ती दुरुस्त करायला लावतो.

नियम कोठे लिहिलेले नसतात, पण लहान पोरालाही पाठ असतात. खांदे मातीला टेकून पाठ लागली की चीत. ठोसा मारायचा नाही, गळा आवळायचा नाही, बोटे पिरगाळायची नाहीत, डोळ्यात बोट घालायचे नाही. कोणी तसे केले तर पंच मध्ये पडतात. जुन्या मैदानांत वेळेचे बंधन नव्हते. निकाल लागेपर्यंत किंवा दोघांना बरोबरीत सोडवेपर्यंत कुस्ती चाले.

आता या नियमांच्या आत काय चालते ते पाहावे. सलामी झाली, शड्डू ठोकले, की खडाखडी सुरू होते: मनगट धरायचे, सोडवायचे, मानेवर हात टाकून समोरच्याचे डोके खाली खेचायचे, त्याचा तोल कोणत्या पायावर आहे ते चाचपायचे. मग डाव. एकेरी पटात एक पाय उचलून माणसाला एका पायावर नाचवत खाली आणतात. दुहेरी पटात दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला मागे लोटतात. ढाक मारताना पकड घेऊन कमरेच्या जोरावर फेक होते. धोबीपछाडमध्ये पैलवान पाठ वळवतो, समोरच्याचा हात स्वतःच्या खांद्यावरून ओढतो आणि अख्खा माणूस डोक्यावरून पुढे आपटतो. कलाजंगात एक हात दंडाला व दुसरा मांड्यांमध्ये घालून प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलतात आणि पलीकडे टाकतात. खाली आल्यावर सवारी भरून त्याला दाबून ठेवायचे, घिस्सा मारून उलटा करायचा.

यातला एकही डाव शोभेचा नाही. धोबीपछाड फरशीवर किंवा मुरमाड वाटेवर बसला तर गळ्याचे हाड मोडू शकते, डोके आधी आपटले तर त्याहून वाईट. तालमीच्या हौद्यात माणूस त्यातून हसत उठतो याचे कारण खालची माती. ती चाळलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असतो, ती रोज खोदून हलकी केली जाते. कुस्तीला खेळ बनवण्यात नियमांचा जितका वाटा आहे तितकाच या मातीचाही आहे, आणि याची दखल फारशी घेतली जात नाही.

चार प्रकार, त्यांपैकी दोन उरले

मल्लविद्येत कुस्तीचे चार प्रकार सांगितले जातात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनीत अंगबळाने दाबायचे. हनुमंतीत बळ कमी असले तरी डावपेचाने, चपळाईने मात करायची. जांबुवंतीत हातापायांना अशी कैची घालायची की समोरच्याला हालता येऊ नये आणि त्याने हार मान्य करावी. जरासंधीत सांधे मोडायचे, अवयव निकामी करायचे, प्रसंगी जीवच घ्यायचा. ही नावे पुराणांतून घेतलेली असून वर्गीकरण परंपरेचे आहे. कोणा एका राजाच्या काळात चार वेगळे आखाडे होते असा त्याचा अर्थ नाही. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मल्लविद्या जपणाऱ्यांच्या मनात कुस्ती ही अंगबळापासून प्राणघातापर्यंत पसरलेली एकच विद्या होती.

आजच्या फडात आणि मॅटवर यातल्या पहिल्या दोन प्रकारांनाच जागा आहे. जांबुवंतीचे तुकडे शिल्लक आहेत, पण पकड हार मान्य करवण्यासाठी नव्हे तर पाठ लावण्यासाठी वापरायची. जरासंधी पूर्ण बाद. कुस्ती युद्धकला आहे की नाही या वादाचे मर्म येथे आहे: विद्येचा घातक अर्धा भाग बाजूला काढला आणि उरलेल्या अर्ध्याला खेळ म्हटले.

पुराणकथांतही हीच जाण आहे. भीम आणि जरासंधाची झुंज जरासंधाच्या मृत्यूने संपते. अज्ञातवासात विराटाच्या नगरीत बल्लव नावाने राहणारा भीम जीमूत मल्लाला मारतो. मथुरेत कृष्णाच्या हातून चाणूर मरतो. या घटना इतिहास म्हणून सांगण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्यांना मल्लयुद्ध प्राणांतिक असू शकते हे गृहीतच होते, एवढा बोध पुरेसा आहे.

दख्खनच्या लेखी पुराव्याकडे वळले तर बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. तो कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठवाड्याचा मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या अमलाखाली होता. या ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. मल्लांचे वय, देह आणि बळ यांनुसार प्रकार, त्यांचा आहार, त्यांचा सराव, झुंजीची जागा यांचे तपशील त्यात येतात. राजाने हे सगळे ‘विनोद’ म्हणजे करमणुकीच्या भागात घातले आहे, तेव्हा कुस्ती त्या काळीही खेळच होती असे एखादा म्हणेल. पण त्याच भागात शस्त्रांच्या कौशल्याचे प्रकरण आहे आणि शस्त्र घेऊन लढणाऱ्या ‘अंक’ नावाच्या योद्ध्यांच्या द्वंद्वाचेही आहे. तलवारीचे द्वंद्व राजाने पाहिले म्हणून ते युद्धकलेतून बाद होत नसेल, तर कुस्तीही होत नाही. करमणूक आणि युद्ध यांच्यामधली भिंत त्या काळी आजच्या जागी नव्हती.

कुस्ती आणि हत्यार यांचा सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो ज्येष्ठीमल्लांत. गुजरातेतल्या मोढेऱ्याशी नाते सांगणारा हा मल्लांचा समाज. ‘मल्लपुराण’ हा मल्लविद्येवरचा दुर्मीळ संस्कृत ग्रंथ त्यांच्याच परंपरेतला. त्यांची खास झुंज म्हणजे वज्रमुष्टी. मुठीत शिंगाचे किंवा धातूचे टोकदार अस्त्र घालून लढायचे, आणि त्याच वेळी पकड व डावही करायचे. म्हैसूरच्या दसऱ्यात हिचे प्रदर्शन होत आले आहे. तेथे डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसताच झुंज थांबवतात. एका हातात हत्यार, दुसऱ्या हातात कुस्ती. ही युद्धकला आहे याबद्दल कोणी शंका घेणार नाही, आणि तिच्यातून मुठीतले अस्त्र काढले तर उरते ती तालमीतलीच विद्या.

रणांगण आणि तालीम

युद्धकलेला युद्धात स्थान असले पाहिजे, अशी एक कसोटी लावली जाते. या कसोटीवर कुस्ती कोठे उभी राहते? पाटोद्यापासून फार दूर नसलेल्या खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. तिचा निकाल तोफा, घोडदळ आणि कवायती पायदळ यांनी लावला. डावपेच येणाऱ्या कोणा पैलवानाने ती जिंकून दिली नाही, आणि कोणत्याच लढाईत तसे घडत नाही. पण या कसोटीने कराटेही नापास होते. नि:शस्त्र विद्या फौजांच्या टकरीसाठी नसतेच. ती दोन वेळी कामाला येते: हत्यार हातातून सुटल्यावर किंवा हत्यार उपसायला जागाच न उरल्यावर, आणि त्याआधी, शिपायाचे शरीर घडवताना.

पहिल्या प्रसंगाचे उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने आलिंगनाच्या मिषाने शिवाजी महाराजांची मान काखेत दाबली, असे सभासदाची बखर सांगते. मान बगलेत धरून दाबणे ही कुस्तीगिराच्या ओळखीची पकड आहे. महाराज त्यातून सुटले ते चिलखत, वाघनखे आणि बिचवा यांच्या जोरावर, हे खरे. तरी झटापटीची सुरुवात पकडीने झाली आणि पकडीत सापडलेला माणूस हलू शकला म्हणून पुढचे घडले.

दुसऱ्या उपयोगाबद्दल वाद नाही. समर्थ रामदासांचा जन्म बीडला लागून असलेल्या आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावचा. बलोपासनेचे दैवत म्हणून मारुतीची स्थापना करण्याचा त्यांचा वारसा तालमीने असा उचलला की मारुतीशिवाय तालीम ही कल्पनाच मराठी माणसाला करता येत नाही. जोर, बैठका, सपाट्या, गदा फिरवणे, हौदा खोदणे या व्यायामाने जे शरीर तयार होते ते तलवार पेलायलाही उपयोगी. उत्तर पेशवाईतली मल्लखांबाची कथाही या संदर्भात पाहावी. निजामाच्या दरबारचे अली आणि गुलाब हे मल्ल पुण्यात आले, त्यांनी आव्हान दिले, आणि बाळंभटदादा देवधर यांनी ते स्वीकारले, अशी परंपरा आहे. देवधरांनी सप्तशृंगीला जाऊन उपासना केली व तेथे त्यांना खांबावरच्या कसरतीची विद्या सुचली, असे सांगतात. दैवी भाग बाजूला ठेवला तरी मल्लखांबाचा हेतू लपत नाही: पकड, मांडीची आवळ आणि अंगाची लवचीकता मल्लासाठी तयार करणे.

तालीम म्हणजे लढाऊ शिक्षणाची जागा, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. निजामाच्या राज्यात आखाड्यांवर घातलेले निर्बंध हा १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातला एक तक्रारीचा मुद्दा होता. नुसत्या खेळावर कोणतेही सरकार पहारा बसवत नाही.

इतर देशांचा दाखला

कुस्तीला युद्धकलेतून वगळण्याची सवय तशी अलीकडची आहे. इजिप्तमध्ये बेनी हसन येथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर कुस्तीच्या शेकडो जोड्या रंगवलेल्या आहेत, आणि त्याच भिंतींवर किल्ल्याला वेढा घालणारे सैनिकही आहेत. इटलीतला शस्त्रगुरू फियोरे देई लिबेरी याने पंधराव्या शतकाच्या आरंभी लढाईच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. खंजीर, तलवार, भाला, घोड्यावरची लढाई असा त्याचा विस्तार असून सुरुवात कुस्तीपासून होते. शिकणाऱ्याने आधी अंगाशी अंग भिडवायला शिकावे, हत्यार मागाहून, असा तो क्रम.

जपानचे उदाहरण तर निर्णायक म्हणावे असे. चिलखत घातलेल्या सामुराईंच्या अंगलगटीच्या झुंजीतून जुजुत्सूच्या शाखा वाढल्या. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन केले, जुजुत्सूतले घातक भाग सरावातून वगळले आणि पूर्ण ताकदीने सराव करता येईल अशी पद्धत बसवली. तिला ज्युदो म्हणतात. कानो यांनी एका भारदस्त जोडीदाराला फेकण्यासाठी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकांचा अभ्यास करून ‘काता गुरुमा’ हा डाव बसवला, असे ज्युदोच्या इतिहासात सांगितले जाते. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घेऊन पलीकडे टाकायचे, असा तो डाव. आपल्याकडच्या फडात त्याला कलाजंग म्हणतात.

म्हणजे एकच डाव पांढऱ्या पोशाखात मारला की युद्धकला आणि लंगोटावर मारला की खेळ, अशी विभागणी होऊन बसली आहे. त्यात आणखी गंमत अशी की २०१३ पासून ज्युदोच्या स्पर्धांत पायाला हात घालण्यावर बंदी आली, त्यामुळे काता गुरुमाचे मूळ रूप तेथे मारता येईना. कुस्तीच्या मैदानात ते आजही सर्रास चालते. ज्युदोने गळा आवळण्याचे आणि कोपराला ताण देण्याचे डाव ठेवले, पायाचे डाव सोडले. कुस्तीने पायाचे डाव ठेवले, गळा आणि सांधे सोडले. दोघींनी आपापले काही काढून टाकले आहे. एकीला युद्धकलेचा मान आणि दुसरीला नाही, याला तांत्रिक कारण सापडत नाही. पट्ट्यांचे रंग, पोशाख, परदेशी संज्ञा आणि १९७०च्या दशकातल्या ब्रूस लीच्या चित्रपटांनी घातलेली मोहिनी यांचा त्यात मोठा हात असावा.

पाटोद्याचा पैलवान आणि मॅटचे नियम

बीड जिल्ह्याचे नाव आंतरराष्ट्रीय कुस्तीत नेले ते पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. पहिले धडे त्यांच्याकडे. पुढे राहुल पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे आले. बिराजदार हेही मराठवाड्याचे, लातूर जिल्ह्यातले. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आवारे यांनी अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी याला १५-७ असे हरवून सुवर्ण जिंकले. सप्टेंबर २०१९ मध्ये कझाकस्तानात नूर-सुलतान येथे जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र पोलीस दलात त्यांची उपअधीक्षक पदावर नियुक्ती झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्यविजेते खाशाबा जाधव हेही पुढे पोलीस दलातच गेले होते.

आवारे ज्या मॅटवर लढले तेथली कुस्ती जत्रेच्या फडाहून बरीच वेगळी आहे. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण, मोठी फेक केली की चार किंवा पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. चीत केले तर गुणांचा प्रश्नच उरत नाही. गळा दाबणे, बोटे पिरगाळणे, हात पाठीमागे नव्वद अंशांपलीकडे वळवणे, डोक्याने धडक देणे, लाथ मारणे हे सगळे निषिद्ध. मानेला कवळ घालायची तर तिच्यासोबत प्रतिस्पर्ध्याचा एक हातही धरावा लागतो, कारण नुसती मान धरली तर ती पकड गळफासाच्या जवळ जाते.

ही बंदीची यादी नीट वाचण्यासारखी आहे. बॅडमिंटनच्या नियमपुस्तकात समोरच्याचा हात किती अंशांपर्यंत वळवावा हे लिहावे लागत नाही. कुस्तीत लिहावे लागते, कारण मल्ल ज्या स्थितीत पोहोचतात तेथून सांधा मोडणे एका झटक्याच्या अंतरावर असते. नियम दाखवतात की विद्येची दिशा कोणती आहे आणि तिला कोठे अडवले आहे.

कोठे कमी पडते

कुस्तीच्या अभिमान्यांनी पुढचा भाग शांतपणे वाचावा. नियमांनी जे अडवले त्याचा परिणाम मल्लाच्या सवयींवर होतो. कुस्तीत पाठ लागणे म्हणजे हार. त्यामुळे खाली आलेला पैलवान क्षणात पालथा होतो, पोटावर पसरतो, खांदे मातीपासून दूर ठेवतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही त्याच्या अंगात मुरलेली हालचाल असते. जेथे गळा आवळणे चालते तेथे नेमकी हीच हालचाल घातक: पालथा होऊन त्याने पाठ आणि मान प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केलेली असते.

सांध्यांच्या बाबतीतही तेच. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत पाकिस्तानचा अक्रम पैलवान आणि जपानचा अंतोनियो इनोकी यांची लढत झाली. अक्रम हा इमाम बक्षचा मुलगा, म्हणजे थोर गामा पैलवानाचा पुतण्या. घराण्यात कुस्तीची कमतरता नव्हती. इनोकीने त्याचा हात दुहेरी पकडीत अडकवून वळवला. अक्रमने हार मानली नाही आणि त्याचा हात निकामी झाला. जांबुवंती विद्या जिवंत ठेवलेल्याने भीमसेनी-हनुमंतीवर केलेली ही मात होती, असे म्हणता येईल. चाकू, लाठी, एकापेक्षा अधिक हल्लेखोर यांची तयारीही तालमीत होत नाही. एकाला सवारी भरून बसलेल्या पैलवानाची पाठ दुसऱ्याला मोकळी असते. ठोसा कसा चुकवावा हेही त्याला वेगळे शिकावे लागते.

तरीही नि:शस्त्र विद्यांची समोरासमोर तुलना करायची वेळ आली तेव्हा कुस्ती मागे पडली नाही. अमेरिकेत १९९३ पासून ठोसे, लाथा, पकड, गळफास हे सगळे एकत्र चालणाऱ्या लढतींची यूएफसी स्पर्धा सुरू झाली. कराटे, मुष्टियुद्ध, जुजुत्सू, कुस्ती अशा भिन्न शाळांचे लोक तेथे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. सुरुवातीला ब्राझीलच्या जुजुत्सूने धक्का दिला; पण गळफासापासून बचाव शिकल्यावर कुस्तीगीर वर आले. त्या स्पर्धेचा पहिला हेवीवेट विजेता मार्क कोलमन हा कुस्तीतूनच आलेला. भारतात फोगट भगिनींपैकी ऋतू फोगट हिनेही २०१९ मध्ये कुस्तीतून याच प्रकारात प्रवेश केला.

कारण सरावाच्या पद्धतीत आहे. ठोसा डोळ्यावर मारण्याची किंवा मान मोडण्याची विद्या जोडीदारावर रोज पूर्ण जोराने वापरता येत नाही. ती हवेत किंवा ठरवून दिलेल्या हालचालींत शिकावी लागते. कुस्तीतले घातक भाग वगळले गेल्यामुळे उरलेले सारे रोज, पूर्ण ताकदीने, खऱ्या विरोधात करता येते. तालमीतल्या पोराने पट काढायला हात घातला की समोरचा जोडीदार तो अडवायला जीव तोडतो. दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे हे घडते. दमलेला असताना तोल कसा सांभाळावा, अंगावर वजन असताना श्वास कसा घ्यावा, पडताना हात कोठे ठेवावा, हे त्याला सांगावे लागत नाही. कानो यांनी ज्युदो उभारताना जो विचार केला तोच मराठी वस्तादांनी बोलून न दाखवता आधीपासून पाळला होता.

वर्गीकरण करायचे तर असे करावे. कुस्ती ही नि:शस्त्र, एकास एक, पकडीची युद्धकला आहे. आघाताची नाही, हत्याराची नाही आणि जमावाशी लढण्याचीही नाही. ती आज खेळ म्हणून शिकवली आणि खेळली जाते, याने तिच्या जातीत फरक पडत नाही. ज्याला किंवा जिला तिचा स्वसंरक्षणासाठी उपयोग करायचा आहे, त्यांनी दोन-तीन वर्षे तालमीत माती अंगाला लावावी आणि मग गळा-सांध्यांचे डाव ज्युदोतून व ठोशांचा बचाव मुष्टियुद्धातून घ्यावा. क्रम मात्र उलटा करू नये. पकड आणि तोल आधी आलेले बरे.